मातीच्या मुलीच्या हातातला पक्षी

“ताई, पक्षी कुठं गेला?” टिल्लूनं बहिणीचा हात ओढला.

मामा-मामीबरोबर सुट्टीत परदेशी आलेली ही भावंडं सकाळपासून कलासंग्रहालयाच्या बागेत हिंडत होती. तळ्याकाठी भाजक्या मातीची एक मुलगी बसलेली होती. सकाळी तिच्या तळहातावर इवलासा पक्षी होता. आता तिथं नुसती मोडल्याची ताजी खूण!

रखवालदारानं फाटक लावून घेतलं होतं. पुतळ्याजवळ चित्र काढत बसलेल्या एका मुलीची पिशवी त्यानं गवतावर उपडी केली. रंग, ब्रश, डबा, सगळं बाहेर पडलं. मुलगी रडत रडत नकारार्थी मान हलवत होती.

“चल, आपणच शोध लावू. मामीच्या मोबाइलमध्ये फोटो आहेत,” टिल्लू कुजबुजला.

दोघांनी फोटो चाळले. एका फोटोत पक्षी होता. पुढच्यात मामा पुतळ्याच्या हातावर कोपर टेकवून ऐटीत उभा. त्याच्या पुढच्यात मामाचा हात खिशात आणि पक्षी गायब.

“म्हणजे आपला मामा?” टिल्लूचं तोंड एवढंसं झालं.

“गप्प बस. कुणाला सांगायचं नाही,” म्हणत ताईनं मोबाइल पाठीमागे लपवला. तिचे कान तापले होते.

समोर ती मुलगी एकटीच रंग वेचत होती. लोक तिच्याकडे बघत दुरून जात होते. शेवटी ताईला राहवेना.

“मामा, फोटो काढते. दोन्ही हात वर कर.”

मामानं एकच हात वर केला, दुसरा खिशातच राहिला. “दुसरा जरा दुखतोय गं.”

“मघाशी मला उचललंस तेव्हा नव्हता दुखत,” टिल्लू म्हणाला.

मामीनं वळून पाहिलं, तसा मामाचा चेहरा उतरला. “चुकून मोडला रे. परक्या देशात उगाच लफडं नको म्हणून...”

“तुझ्याऐवजी ती रडतेय, मामा,” ताई म्हणाली.

मामानं खिशातून पक्षी काढला आणि तो रखवालदाराकडे गेला. मामा आणि रखवालदार, दोघांनीही त्या मुलीची माफी मागितली. संग्रहालयाच्या मुख्य बाई धावत आल्या. पक्षी पुन्हा जोडता येईल, असं म्हणाल्या. सगळं कळल्यावर त्यांनी भावंडांची पाठ थोपटली. “हुशार आहात आणि धीटही.”

टिल्लू खुलला. ताईला मात्र मान वर करवेना. ती त्या मुलीजवळ बसून उरलेले रंग गोळा करू लागली. “सॉरी,” एवढंच तिला म्हणता आलं. आपल्याला आधीच कळलं होतं, हे काही तोंडातून निघेना.

मुलगी डोळे पुसून तिच्याकडे बघून हसली. ताईला आणखीच लाज वाटली.