पाहण्यापुरता अधिकार

रक्तपेढीचे मशीन गायब झाल्याचे चौकशी अधिकारी बाईंना जिन्यातच कळले, आणि त्यांचे डोके तिथेच फिरले.

खात्यात त्यांना पाठीमागे ‘तोफ’ म्हणत, ते उगीच नाही. आज दहा वाजता त्या या हॉस्पिटलात आल्या होत्या एका शिक्षिकेसाठी. आठ दिवसांपूर्वी तिला चुकीच्या गटाचे रक्त चढवले आणि ती गेली. ते रक्त कोणी, कसे मंजूर केले याची नोंद त्या एका मशीनमध्ये होती. शिक्षिकेचा नवरा खाली बाकावर बसून होता. रोज त्याला एकच उत्तर मिळत होते, की सिस्टिममध्ये बिघाड झाला.

सर्व्हर रूमच्या दारावर छापील सूचना होती: ‘जूने सामान येथे ठेवू नये. विभागप्रमुख.’ बाईंनी पर्समधून पेन काढले, ‘जू’चा ‘जु’ केला आणि मगच दार ढकलले. डोके फिरले असले तरी ऱ्हस्व-दीर्घ त्यांना सोसवत नसे.

आत तिघे होते. खुर्चीत विभागप्रमुख, म्हणजे साहेब. शेजारी देखभालीचा कंत्राटदार. आणि भिंतीला टेकून ऑपरेटर, डोळे रडून सुजलेले.

गायब झालेले मशीन म्हणजे काही खोके नव्हे. एकाच दणकट सर्व्हरच्या पोटात अशी चाळीस मशीन चालतात, सगळी नुसत्या सॉफ्टवेअरची. पुसले की मागे काही उरत नाही.

साहेबांनी एक कागद पुढे सरकवला.

“नऊ वाजून दहा मिनिटांनी हिच्या खात्यावरून मशीन पुसलं गेलं. हा लॉग, कोणी कधी काय केलं त्याची यादी. बारा वाजता पोलीस येतील. नोंदच उरली नाही म्हटल्यावर तुमचीही चौकशी मिटली, मॅडम.”

“माझी चौकशी कधी मिटली ते मी सांगेन. हिला अधिकार काय काय आहेत?”

“मशीन पाहणं. चालू-बंद करणं.”

“पुसणं?”

“नाही.”

“मग पुसलं कसं?”

“कोणाचा तरी पासवर्ड ढापला असेल.”

“मग लॉगमध्ये त्या कोणाचं तरी नाव आलं असतं. इथे हिचंच आहे.”

साहेब एसीकडे बघू लागले.

“मॅडम,” ऑपरेटर म्हणाली, “मी फक्त भंगार रिकामं केलं. पाच वर्षं रोज नऊ वाजता करते. त्यात आज तीन मशीन होती. रक्तपेढीचं नव्हतं, आईशप्पथ.”

“भंगार म्हणजे?”

“फोल्डर आहे,” कंत्राटदार म्हणाला. “निकामी मशीन त्यात टाकतात. इथे अधिकार माणसाला मिळतो, पण जागेपुरता. बाकी कुठे हिला काही पुसता येत नाही. भंगारात जे येईल ते मात्र पुसता येतं.”

“आणि रक्तपेढीचं मशीन आपल्या पायांनी चालत भंगारात गेलं.” बाईंनी कागद उलटसुलट केला. कोपऱ्यात बारीक छापले होते, ‘पान २’. “पान एक कुठाय?”

“त्यात विशेष काही नाही.”

बाईंची कानशिले तापली. एका बाईला तुरुंगात धाडायला निघालेला माणूस अर्धा कागद घेऊन बसला होता.

“लॉग पाहायचा अधिकार आहे ना तुला?” त्यांनी ऑपरेटरला विचारले.

“पाहण्यापुरता आहे.”

“तेवढा पुरे. दाखव.”

ऑपरेटरने स्क्रीनवरचे पान वर सरकवले. आठ सेहेचाळीस, रक्तपेढीचे मशीन बंद केले. आठ पन्नास, त्याचे नाव बदलून ‘जूने-काम’ ठेवले. आठ बावन्न, ते भंगारात हलवले. तिन्ही ओळींपुढे एकच खाते होते, ‘मुख्य’.

“हे खातं कोणाचं?”

“दोघांचं,” कंत्राटदार ओठ चाटत म्हणाला. “साहेबांचं नि माझं. घरूनही वापरता येतं.”

“झालं तर,” साहेब लगेच म्हणाले. “मी तरी साडेनऊला आलो. बाहेरच्या माणसांच्या हाती किल्ल्या दिल्या की असंच व्हायचं.”

कंत्राटदाराचा चेहरा उतरला. बाई उत्तर न देता रक्तपेढीच्या खिडकीशी गेल्या.

“पावणेनऊला तुमचा कॉम्प्युटर बंद पडला,” त्यांनी तिथल्या सिस्टरला विचारले. “तक्रार नाही केलीत?”

“कशाला? कालच सूचना आली होती.” सिस्टरने काचेकडे बोट केले. “साहेबांनी स्वतः टाइप करून आणली. कारकून चुका करतो म्हणे.”

‘जूने मशीन उद्या ८.४५ पासून दुरुस्तीसाठी बंद राहील. विभागप्रमुख.’

बाईंनी चिकटपट्टीसकट कागद उपटला. या वेळी त्यांनी चूक सुधारली नाही.

“रक्त एकाच सहीवर सुटतं का हो?”

“पूर्वी दोघींची मंजुरी लागायची. महिनाभर एकीच्यावर भागतंय. कोणी बदललं, देव जाणे.”

परत आल्यावर बाईंनी कंत्राटदाराला एकच प्रश्न विचारला. “मशीनची प्रत कुठे असते?”

“इथली प्रतही काल पुसलीय, ‘मुख्य’वरूनच. पण दर रविवारी एक बाहेरच्या सर्व्हरवर जाते. आमच्या करारातच आहे. तिथे ‘मुख्य’ला काही अधिकार नाही.”

साहेबांच्या हातातले पेन खाली पडले.

“करार वाचायचा असतो, साहेब,” बाई म्हणाल्या. “यांना बाहेरची प्रत ठाऊक होती. पुरावा पुसायचाच असता तर यांनी आधी तिची वाट लावली असती. ती तुम्हालाच ठाऊक नव्हती. मशीन आज सकाळी बंद पडणार हे मात्र तुम्हाला कालच ठाऊक होतं.” त्यांनी काचेवरचा कागद टेबलावर आपटला. “दारावर ‘जूने’, खिडकीवर ‘जूने’, भंगारातही ‘जूने’. मशीन तुम्ही बंद केलंत, नाव बदललंत, हिच्या ताटात वाढलंत आणि हिची सवय हिच्यावरच उलटवलीत. पाच वर्षं जी बाई तुमचा केर काढतेय, तिच्या गळ्यात मुडदा बांधायला निघालात. लाज नाही वाटली?”

“बटण तिनंच दाबलं,” साहेब पुटपुटले.

“आणि मी काय दाबतेय ते मला कळू नये म्हणून तुम्ही नाव बदललंत,” ऑपरेटर म्हणाली. ती भिंतीपासून पुढे आली होती.

रविवारची प्रत उघडायला तासभर लागला. महिन्यापूर्वी रक्तपेढीत सगळ्यांना सगळे अधिकार दिले गेले होते, आणि त्याबरोबर दुसऱ्या मंजुरीची अट निघाली होती. कारणाच्या रकान्यात लिहिले होते, ‘खोळंबा नको.’ खाली साहेबांचे स्वतःचे खाते होते.

बारा वाजता पोलीस आले आणि साहेबांना घेऊन गेले.

बाई खाली उतरल्या. शिक्षिकेचा नवरा उठून उभा राहिला.

“बिघाड सापडला का?”

“बिघाड नव्हता. माणूस होता.”

“कोण?”

अहवाल वर गेल्याशिवाय नातेवाइकांशी अवाक्षर काढायचे नाही, असा नियम होता. बाई बाकावर त्याच्या शेजारी बसल्या आणि त्याला नाव सांगितले. ते सांगायचा अधिकार त्यांना नव्हता.