तुटक रेघ

सदर बाजारातल्या अंकुश कातारीच्या दुकानात मी शिरले ती आईच्या लाटण्यासाठी, आणि बाहेर पडले ती लाकडी अणूंची ऑर्डर देऊन! लेथवर फिरणारे इतके गुळगुळीत गोळे दिसल्यावर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी बाई गप्प बसेल होय? मग महिनाभर काही ना काही निमित्त काढून मी तिथे जात राहिले. आता निमित्तं संपत आली होती. रविवारी मी पीएच.डी.साठी बंगळुरूला निघणार होते, आणि हा अंकुश अजून 'मॅडम'च्या पुढे सरकला नव्हता.

शुक्रवारी शेवटचा संच घ्यायला गेले. हायड्रोजनचे चार वेगवेगळ्या अणूंशी होणारे चार बंध, म्हणून चार काड्या. बघते तर चारही सारख्या!

"मी वेगवेगळी मापं लिहून दिली होती ना?"

"दिसाले बरं नव्हतं ना, मॅडम," तो अभिमानानं म्हणाला. "सफाईनं एकसारख्या केल्या."

हसू आवरत मी समजावलं. फ्लोरीन हायड्रोजनला अगदी जवळ धरतो, म्हणून त्यांचा बंध आखूड आणि सगळ्यात पक्का. मग क्लोरीन, ब्रोमीन... आयोडीनचा सगळ्यात लांब, म्हणून तो लवकर तुटतो.

"लांब काडी लवकर मोडते, हे लाकडालेबी मालूम आहे." त्यानं हातावरचा भुसा झटकला. मग खाली बघतच — "बंगलोर... लय दूर आहे ना वं?"

वं! जवळच्या बाईमाणसालाच लावतात ते वं. मॅडम कुठल्या कुठे गेली होती.

मी त्याच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि फळीवर पाण्याचे दोन रेणू काढले. मध्ये एक तुटक रेघ.

"रेघ तुटक काहून?"

"एका रेणूतला हायड्रोजन शेजारच्या रेणूला ओढून धरतो. हा बंध लांब असतो. कमजोरही. घडीघडी तुटतो... पण लगेच पुन्हा जुळतो. तो नसता, तर तुमच्या या माठातलं पाणी केव्हाच वाफ होऊन उडून गेलं असतं."

त्यानं त्या रेघेवरून हलकेच बोट फिरवलं.

"मंग तुटल्यावर जोडाचं कोनं?"

"ज्याला आधी आठवण येईल... त्यानं."

"मंग मलेच लागन जोडाले," तो हळूच म्हणाला. "मले तर आतापासूनच येऊन राहिली."

डोळ्यांत भुसा गेल्याचं निमित्त करून मी ओढणी डोळ्यांना लावली.