एकोणीस नावांची यादी

"छत्तीस," काटेवाला म्हणाला, तेही शाळेच्या सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात. रांगेतली पोरं फिदीफिदी हसली.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला गणवेशाची मापं घेत बसलेल्या टेलरबाईचा हात थांबला. छत्तीसवाली तिची भाची होती, नऊ वर्षांची छकुली. ती काट्यावरून उतरली ती मान खाली घालूनच.

टेलरबाईचं डोकं फिरलं. मापं घेणं तर तिचाही रोजचा धंदा. पण गिऱ्हाइकाच्या कमरेचा घेर चारचौघांत कोणी ओरडून सांगतं का? टेप गळ्यात टाकून ती तरातरा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

मुलांची वजनं-उंच्या घ्यायला तो आरोग्य खात्याकडून आला होता. आकडा मोठ्यानं वाचायचा आणि लिहिणाऱ्यानं तो परत उच्चारायचा, म्हणजे चूक होत नाही, असा आमचा नियम आहे, असं त्यानं शांतपणे समजावलं. त्या शांतपणानं ती आणखीच भडकली.

"मग कानात सांगा."

"कोणाच्या?" त्यानं विचारलं. डोळ्यांत हसू होतं… आणि मेल्याचे डोळे चांगले होते, हे तिच्या रागाला मुळीच परवडणारं नव्हतं.

"ज्यानं लिहायचं त्याच्या," ती म्हणाली आणि पाठ फिरवून चालती झाली. त्यानंतर मात्र त्याचा आवाज हॉलमध्ये ऐकू आला नाही. दोनदा तिनं सहज म्हणून वर पाहिलं, तर तो तिच्याकडेच बघत होता. दोन्ही वेळा तिचं माप चुकलं आणि परत घ्यावं लागलं.

इथवर ठीक होतं. पण दोन दिवसांनी शाळेच्या फळ्यावर यादी लागली. वर ठळक अक्षरांत 'लठ्ठ मुले', खाली एकोणीस नावं, अकराव्या क्रमांकावर छकुली. त्या दिवशी तिचा डबा भरलेला परत आला. दुसऱ्या दिवशीही. रात्री ताटावर बसून ती आईला म्हणाली, मला भूकच नाही. नऊ वर्षांच्या पोरीला भूक नाही!

टेलरबाईनं गणवेशाची वही काखोटीला मारली आणि थेट त्याचं ऑफिस गाठलं. चार माणसांसमोर त्याची खरडपट्टी काढायची, एवढंच तिच्या मनात होतं. पण त्याच्या टेबलावर यादीचे कागद पसरलेले दिसले आणि तिची नजर उंचीच्या रकान्यावर अडकली. पोरं वर्षभरात वाढतात, तेवढं जास्तीचं कापड आत दुमडून ठेवावं लागतं, म्हणून ती प्रत्येकाची उंचीही लिहून ठेवायची. तिच्या वहीत छकुली एकशे छत्तीस सेंटिमीटर होती. त्याच्या कागदावर एकशे तेहतीस. दुसरं नाव पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळीच पोरं तीन-तीननं बुटकी.

तिनं वही त्याच्यापुढे आपटली आणि दोघं तडक शाळेत गेले. हॉलच्या भिंतीवर त्यानं स्वतः चिकटवलेली मोजपट्टी अजून तशीच होती. टेलरबाईनं जमिनीवर फतकल मारली आणि आपला टेप लावला. भिंतीच्या तळाशी तीन सेंटिमीटर उंचीची लाकडी पट्टी होती आणि मोजपट्टीचं शून्य सुरू होत होतं त्या लाकडाच्या वरून. उंची कमी भरली की तेच वजन जास्त ठरतं, हे त्यानं तिला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"परत मोजतो," तो म्हणाला. "लिहायला बसाल?"

ती बसली. जुन्या चादरीचा पडदा लावून एकोणीस मुलं एकेक करून आत आली. तो तिच्या कानाशी वाकून आकडा सांगायचा, ती हळूच परत उच्चारायची. त्याचा श्वास कानाला लागायचा… आणि तिचा आकडा रकान्याबाहेर जायचा. यादीतून सात नावं गळली. छकुलीचं गळलं नाही.

"म्हणजे ती लठ्ठच," टेलरबाई म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "लावा मग परत फळ्यावर."

बाहेर जाऊन त्यानं फळ्यावरची यादी फाडून काढली. मोठ्या बाई ऑफिसातून धावत आल्या. पोरांच्या भल्यासाठीच लावली होती, उरलेली बारा तरी राहू देत, म्हणाल्या. त्यावर त्याचा आवाज पहिल्या दिवसासारखा चढला. शंभरात किती मुलांचं वजन जास्त भरतं, तेवढंच मोजायला तो आला होता. नावं कोणालाच द्यायची नव्हती, तुम्ही मागितली आणि मी भिडेपोटी दिली, तो म्हणाला. मोठ्या बाईंनी तक्रारीची धमकी दिली, तेव्हा त्यानं आपल्या साहेबांचा नंबर स्वतःच लिहून दिला.

संध्याकाळी तो टेलरबाईच्या दुकानात आला. छकुली काऊंटरमागे स्टुलावर बसली होती. समोरच्या ताटलीतल्या जेवणाला तिनं हात लावला नव्हता.

"काका, मी जाडी आहे का?" तिनं सरळच विचारलं.

टेलरबाईनं मशीन थांबवलं. आता हा माणूस खोटं बोलला तरी राग येणार होता आणि खरं बोलला तरी.

तो छकुलीसमोर उकिडवा बसला. "तुझं वजन उंचीच्या मानानं थोडं जास्त आहे. त्यासाठी खूप खेळायचं असतं, उपाशी राहायचं नसतं. आणि ते सगळ्यांसमोर ओरडून सांगणारा मी गाढव आहे."

छकुलीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मोठं गाढव," ती म्हणाली आणि ताटली पुढे ओढली.

तिनं पहिला घास घेतला, दुसरा घेतला. टेलरबाईचे डोळे भरून आले. तिनं घाईघाईनं मशीनमध्ये दोरा ओवायला घेतला, पण दोरा दिसेल तर ना! त्यानं तो तिच्या हातातून घेतला आणि ओवून दिला.

"माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली.

"माहितेय… उद्या येऊ?"

"कशाला? इथे कोणाला मोजून घ्यायचं नाही."

"मोजायला नाही. तुमच्याशी भांडायला."

"माझी भांडणं एका दिवसात मिटत नाहीत."

"म्हणून तर," तो हळूच म्हणाला, "रोज यावं म्हणतो."

तिनं उठून आणखी दोन ताटल्या काढल्या.