पुढे गेलेल्या तिघी

शिकागोत गिरजाबाईंना उंच इमारती बघायच्या नव्हत्या. इमारती मान वर केली की दिसतातच, त्यासाठी वाटाड्या कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांना दोनच गोष्टी बघायच्या होत्या. एवढ्या मोठ्या गावाला पाणी कुठून येतं, आणि इथल्या लायब्ररीत कुणालाही शिरू देतात का.

नागपूरच्या मनपा शाळेत जन्मभर शिकवलेल्या बाईची ही मागणी. त्यांच्या लेकीनं, उपासनानं, ती केयाला फोनवर सांगितली. केया शिकागोतच जन्मलेली, मराठी आईबापांची मुलगी. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना ती शहर पायी दाखवायची. एका वेळी एकच कुटुंब, आणि ज्याला जे हवं तसा रस्ता. बहुतेकांना आउटलेट मॉल आणि कुठंतरी बरा चहा हवा असतो, ती म्हणाली. पाणी आजवर कुणी मागितलं नव्हतं. मग तिनं गुडघ्यांची चौकशी केली, बाथरूमची केली, आणि रस्ता आखला. आधी मोठी लायब्ररी, मग पूर्वी जिथं लायब्ररी होती ती घुमटाची इमारत, मग नदीवरचा पूल, आणि शेवटी जुना पाण्याचा मनोरा आणि त्याच्यासमोरचं पंपिंग स्टेशन. सगळं सरळ उत्तरेकडे. तिचा एक नियम होता, एकदा चाललेला रस्ता परत चालायचा नाही. तेच दुकान दुसऱ्यांदा दिसलं की आजी लोकांना वाटतं आपण हरवलो, आणि मग ते चिडतात.

हरवणं हा शब्द उपासनाला नकोसा होता. गेल्या वर्षी दीक्षाभूमीवर, जिथं गिरजाबाई परकर-पोलक्यात असल्यापासून दरवर्षी जात आल्या, तिथं त्या हरवल्या होत्या. गर्दीत ताटातूट झाली असती तर कुणाला विशेष वाटलं नसतं. त्या एका पुस्तकांच्या स्टॉलमागे शांत बसून होत्या, आणि आपण कुणाबरोबर आलो हे त्यांना सांगता येत नव्हतं. एरवी डोकं लख्ख. जुन्या वर्गातल्या मुलींची नावं हजेरीच्या क्रमानं म्हणून दाखवायच्या. मधेच एखादी दुपार तेवढी गळून जायची. आईला घेऊन निघताना नागपूरच्या विमानतळावर उपासनाच्या भावानं, कुशलनं, दुसरं काही सांगितलं नाही. म्हणाला, "ताई, हात सोडू नको." ईडन प्रेरीच्या आपल्या घरून गाडीनं शिकागोला येताना उपासना पेट्रोल पंपावरच्या बाथरूमच्या दारातसुद्धा आईचा हात धरून उभी होती. परत न्यायची तर अख्खी आई परत न्यायची.

त्या दिवशी गिरजाबाईंनी सुती साडी, नातवाचे स्पोर्ट शूज, जावयाचं जाडजूड जॅकेट आणि स्वतः विणलेली मरून कानटोपी असा थाट केला होता. टोपीच्या डाव्या बाजूला एक ओळ चुकलेली होती. ती उसवायला त्यांनी साफ नकार दिला होता. चूक आहे म्हणूनच ओळखू येते, त्यांचं म्हणणं.

लायब्ररी तांबड्या विटांची, छपरावर हिरवी घुबडं. केया दारातच भेटली. "आजी, इट्स फ्री. कुणी पण आत येतं. माझा आजी पण यायचा इथे," ती म्हणाली, आणि गिरजाबाईंनी लगेच "माझी आजी यायची" असं दुरुस्त केलं. दोघींची तिथंच गट्टी जमली.

आत पांढऱ्या दाढीचा एक गार्ड उभा होता. त्यानं केयाला हसून विचारलं, काही विसरलं का. केया म्हणाली, नाही, आत्ताच येतोय. तो पुन्हा हसला, त्याला विनोद वाटला असावा. गिरजाबाई भिंतीवरच्या पाण्याच्या नळाकडे गेल्या, उपासनाला बटण दाबायला लावलं आणि ओंजळीनं पाणी प्यायल्या. सावकाश, दोनदा. गार्ड बघत होता. या बाईंना आमचं पाणी फार आवडलेलं दिसतं, तो म्हणाला. मघाशीही अशाच प्यायल्या. हातानं पाणी पिणारं माणूस त्यानं इथं तोवर पाहिलं नव्हतं.

मघाशी गिरजाबाई हॉटेलच्या खोलीत होत्या आणि उपासना त्यांचा अंबाडा घालत होती. तिनं गार्डला तसं सांगितलं. त्यानं तिच्याकडे, मग केयाकडे बघितलं, आणि खांदे उडवले.

गिरजाबाई वर जाऊन वाचायच्या टेबलाशी बसल्या. पुस्तक घेतलं नाही. दोन्ही हात टेबलावर ठेवून नुसत्या बसून राहिल्या. कुणी काही विचारायला आलं नाही. "बसू देतात," त्या शेवटी म्हणाल्या, आणि उठल्या.

रस्त्यावर डोक्यावरून लोखंडी पुलावरची ट्रेन धडधडत गेली. बोलणं शक्य नव्हतं, ते उपासनाला बरंच वाटलं. ती मेडिकल उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीचं काम करायची. काही बिघडलं की कारण सापडेपर्यंत फाइल बंद करायची नाही, हे तिचं रोजचं. गार्डचं कारण सोपं होतं, त्याची काहीतरी गफलत झाली होती. शिवाय ती गिरजाबाईंची मुलगी. लहानपणी गल्लीतल्या चिंचेवर हडळ आहे असं कुणी सांगितलं, तेव्हा आईनं तिला तिन्हीसांजेला तिथं नेऊन झाडाला हात लावायला लावला होता. मग विचारलं होतं, कोण आहे का? कुणी नव्हतं.

घुमटाच्या इमारतीत लिफ्टनं वर गेल्या. घुमट रंगीत काचांचा, प्रचंड. त्याच्या बरोबर खाली एक खुर्ची मांडलेली होती. एकच.

दारातल्या टेबलामागची म्हातारी स्वयंसेविका लगबगीनं उठली. खुर्ची तशीच ठेवली म्हणाली, तुम्ही परत येणार असं वाटलंच. आणि ड्रॉवरमधून एक टोपी काढून तिनं गिरजाबाईंच्या हातात दिली. तुमची राहिली होती.

मरून कानटोपी.

गिरजाबाईंनी ती उलटीसुलटी केली. डावी बाजू उजेडाकडे धरली आणि चुकलेल्या ओळीवरून बोट फिरवलं.

"माझीच आहे," त्या म्हणाल्या.

"आई, तुझी तुझ्या डोक्यावर आहे."

"ती पण माझीच." त्यांनी टोपीची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. मग खुर्चीत बसून घुमट बघत राहिल्या.

म्हातारीनं उपासनाला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की आईला जरा सांभाळा. मघाशी त्या गोंधळल्यासारख्या वाटल्या. सारख्या मागे वळून बघत होत्या, कुणीतरी मागून येतंय म्हणत होत्या. तुम्ही मात्र फार घाईत होतात.

बाहेर आल्यावर केया म्हणाली की बहुतेक कुणीतरी प्रँक करतंय, तिचे मित्र असलेच आहेत. स्वतःलाच ते पटलं नाही म्हणून लगेच इंग्रजीत दुसरं काहीतरी बोलायला लागली. उपासना ऐकत नव्हती. दर सिग्नलला ती पुढचा फूटपाथ न्याहाळत होती. मिशिगन अव्हेन्यूवर दुपारची गर्दी, वाऱ्यानं उडणारे कोट, पिशव्या, पाठी. लाल दिसलं की तिची नजर अडकायची. एकदा खूप पुढे, बसच्या आड जाण्याआधी, मरून ठिपका दिसल्यासारखा वाटला. बस गेली, तिथं कुणी नव्हतं. तिनं आईचा हात इतका दाबला की गिरजाबाई म्हणाल्या, "अगं, बांगड्या रुततात."

"सॉरी."

"कुणाला शोधतेस?"

"कुणाला नाही."

"मग माझ्याकडे बघून चाल."

पुलाशी वारा एकदम वाढला. खाली नदी हिरवी, जाड. कोपऱ्यावर बोटींच्या तिकिटांची खिडकी होती आणि आत एक तरुण मुलगी. तिघी समोरून जायला लागल्या तशी ती अर्धी बाहेर वाकली.

"ओ, थँक गॉड," ती म्हणाली. "सापडली तुमची आई."

उपासना थांबली. केया थांबली. गिरजाबाई नदी बघत होत्या.

केयानं विचारलं, नीट विचारलं, एकेक करून. मुलगी सांगत गेली. या मॅडम आत्ताच इथं आल्या होत्या. एकट्याच. फोनवर आईचा फोटो दाखवत होत्या, रडत होत्या. हात सुटला, एवढंच सारखं म्हणत होत्या. मग पूल ओलांडून तिकडे पळत गेल्या. तिनं उत्तरेकडे बोट दाखवलं.

तिनं दुसऱ्या रंगाचा कोट घातला होता का, असं केयानं मुलीला विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मुलगी उपासनाच्या कोटाकडेच बघत होती. हाच कोट, ती म्हणाली.

"आपण परत जातोय," उपासना म्हणाली.

"काहून?" गिरजाबाई म्हणाल्या. "पाणी राहिलं ना बघायचं."

"आज नको, आई."

"एवढ्या लांब आणलंस आणि आता नको. मास्तरणीला फसवतेस होय?" त्यांनी लेकीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "घाबरलीस? कोण आहे का म्हणून बघून यायचं, बस. तुला शिकवलंय मी."

"बघायचं नाहीये मला."

गिरजाबाई नदीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खाऊ नाकारलेल्या मुलीसारख्या.

केया म्हणाली की ती मनोऱ्यापर्यंत जाऊन येते. कुणाची तरी आई खरंच हरवली असेल तर? "समबडी शुड चेक, मावशी." तिचा चेहरा पांढरा पडला होता, तरी ती गेली. मायबापांनी मराठी अर्धीच शिकवली असेल, पण पोर चांगली वाढवली होती. पुलावरून ती लहान लहान होत गेली.

उपासना टॅक्सीसाठी कडेला सरकली. तेवढ्यात खाली एक बोट रिकामी झाली आणि माणसांचा लोंढा जिन्यानं वर आला. हसणारे, वाऱ्यानं गारठलेले, कॅमेरे सावरणारे. त्यांनी दोघींना क्षणभर वेढलं. कुणाची तरी बॅग उपासनाच्या कोपराला लागली.

हात सुटला.

तिनं वळायच्या आधीच चाचपडून तो पकडला. लगेच. बांगड्या हाताला लागल्या. मरून टोपी, जाडजूड जॅकेट, नातवाचे बूट. सगळं जागेवर होतं.

टॅक्सी मिळाली. गाडी दक्षिणेकडे निघाली, हॉटेलकडे. उपासनानं आईचा हात आपल्या मांडीवर दोन्ही हातांत धरून ठेवला. गिरजाबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. कुठं चाललो, असं त्यांनी विचारलं नाही. पाण्याचं नाव काढलं नाही. रागावल्या असतील. रागावू देत. अख्खी आई गाडीत होती.

घुमटाची इमारत मागे गेली. म्युझियमसमोरचे सिंहांचे पुतळे मागे गेले.

फोन वाजला. केया.

तिला दम लागला होता. "मावशी, तुम्ही कुठे आहात? आजी इथे आहे."

"इथे म्हणजे कुठं?" उपासना म्हणाली.

"पंपिंग स्टेशनच्या बाहेर. बेंचवर. एकटी. मावशी, व्हाय वुड यू लीव्ह हर हिअर?"

"केया, आई माझ्याजवळ आहे."

"नाही," केया म्हणाली. ती रडायला लागली होती. "मी देते त्यांना. थांबा."

वाऱ्याचा आवाज आला. मग श्वास. तो श्वास उपासनाला ओळखीचा होता, जिना चढून आल्यावरचा, फळ्यावर लिहिण्याआधीचा.

"उपा," आई म्हणाली. "मी म्हटलं तू मागनं येतेस. इथं बसलेय मी. पाणी बघितलं." मग तिनं विचारलं. "तू कुणाचा हात धरून गेलीस गं?"

फोन कानाला घट्ट होता. बाहेर आवाज जाणं शक्य नव्हतं.

उपासना खाली बघू शकली नाही. हातात हात होता. उबदार, खरबरीत, बांगड्यांसकट.

शेजारून, खिडकीकडचं तोंड न वळवता, हळूच प्रश्न आला.

"दमलीय का गं ती फार, बाकावरची?"

आणि मांडीवरच्या हातानं तिची बोटं आणखी घट्ट धरली.