होळीच्या नावानं आणलेली डोलकाठी

साडेआठला दिवे गेले. काल्हेरला त्या वर्षी भारनियमन रोजचंच होतं, त्यामुळे कुणी हळहळलं नाही. रामनाथकाकांनी खाट ओट्यावर ओढली आणि कंदील पायाशी ठेवला. रुचिका, भाविका आणि ओमकार पायरीवर येऊन बसले.

"काका, भुताची सांगा," ओमकार म्हणाला.

"भुताची मना येत न्हाय. झालेली येते. केसरीनाथ माझ्यासंगती गोदामात ड्युटीला होता. त्यानं सांगितली तशी सांगतो. मधी कुणी बोलायचं न्हाय."

"आणि बोललं तर?" भाविकाने विचारलं.

"तर घरी तू एकटी जायचं. मी सोडायला येनार न्हाय."

भाविका रुचिकाला चिकटून बसली. काकांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि सावकाश सुरुवात केली.

केसरीनाथला एक डोलकाठी हवी होती. काम म्हणाल तर एवढंच. त्याचा धाकटा भाऊ रघू याने खाडीकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक होडी बांधली होती. चौदा फुटांची, प्लायवूडची, शिडाची. दिवसा गोदामात खोकी चढवायची आणि शिफ्ट सुटली की होडीला पॉलिश कागद घासायचा, असं दीड वर्ष चाललं होतं. आईबाप गेले तेव्हा रघू चार वर्षांचा होता. केसरीनाथने त्याला खांद्यावर वाढवला. त्याच्यासाठी स्वतःचं लग्नही पुढे ढकलत ढकलत राहूनच गेलं. आता रघू चोवीस वर्षांचा होता आणि दादाकडे त्याने आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती.

"दादा, शीड झालं, सुकाणू झालं. तेवढी काठी बघ ना."

"धुळवडीच्या सकाळी तुझी होडी पाण्यात असेल," केसरीनाथ म्हणाला. "नसली तर मना दादा म्हनू नको."

डोलकाठी मिळणं वाटलं तितकं सोपं नव्हतं. भिवंडीच्या वखारीत साग होता, पण तुकड्यांचा. सुरूचा वासा आणला तर त्याला हातहातावर गाठी. ॲल्युमिनियमचा पाइप लावून पाहिला, तो पहिल्याच वाऱ्यात मांडवाच्या केळीसारखा वाकला. पडघ्याहून निलगिरीचा सोट आणला, तो दिसायला सरळ होता, पण वाळल्यावर त्यातला पीळ उघडा पडला. पिळाचं लाकूड शिडाखाली स्वतःभोवती फिरतं. रघूने तो सोट पाहिला आणि काही न बोलता बाजूला ठेवला. त्याचं ते न बोलणं केसरीनाथला शिवीपेक्षा लागलं.

हवी तशी काठी एकाच ठिकाणी होती. राहनाळला, चांगदेवच्या पडवीत. त्याच्या जुन्या मचव्याची, म्हणजे मोठ्या शिडाच्या होडीची, सागाची डोलकाठी, सोळा फुटांची, बुंध्याला जाड आणि शेंड्याकडे निमुळती होत गेलेली. दोन खुंट्यांवर आडवी टांगलेली. चांगदेव जाऊन वीस वर्षं झाली होती. घरात त्याची बायको जानकीबाई एकटी राहायची.

केसरीनाथ तिच्याकडे गेला, तर त्याने तोंड उघडायच्या आत तिने नकारार्थी मान हलवली.

"ती कुनाला द्यायची न्हाय. तिच्याकडं बघू बी नको."

"का हो काका?" रुचिकाने हळूच विचारलं.

काकांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग म्हणाले, "हे इचारलंस ते बरं केलंस. हे कळल्याबिगर पुढचं कळायचं न्हाय."

होळीच्या दिवसांत लाकूड चोरलं तर ती चोरी धरत नाहीत. मोडकी खाट, बैलगाडीचं चाक, कुणाचा दरवाजासुद्धा पोरं उचलून नेतात. मालक शिव्या देतो, पोरं बोंब मारतात, आणि तिथेच मिटतं. एकच नेम आहे. होळीच्या नावानं उचललं ते होळीतच पडलं पाहिजे. सत्याऐंशीच्या शिमग्याला दारू प्यालेली पाच-सहा पोरं चांगदेवची डोलकाठी न्यायला आली. चाळिशीचा हा माणूस त्याच काठीच्या मचव्यावर जगलेला. तो अंगणात वाट अडवून उभा राहिला. पोरांच्या हातात दांडकी होती. त्यांनी त्याला त्याच्याच अंगणात, त्याच्याच बायकोसमोर, मेलेल्या जनावरासारखा बडवला. काठी तिथेच टाकून पळाली. चांगदेवचा हात, गळपट्टीचं हाड, बरगड्या मोडल्या; चार महिन्यांत हाडं जुळली, पण तो खाटेवरून उठला नाही, तसाच गेला. त्यानंतर त्या काठीला कुणी हात लावला नाही.

केसरीनाथला हे सगळं ठाऊक होतं. पण शिमगा तोंडावर आला होता.

तीन मार्च दोन हजार सात, शनिवार. त्या रात्री ग्रहणही होतं, पहाटे तीनला लागणार होतं. म्हणून आसपासच्या गावांनी होळी नऊलाच पेटवायची ठरवली होती. आठ वाजता दोघे भाऊ राहनाळला चांगदेवच्या अंगणात शिरले. केसरीनाथने बुंधा धरला, रघूने शेंडा. खुंटीवरून काठी निघाली तेव्हा जराही आवाज झाला नाही. आणि वळतात तर दारात जानकीबाई.

"कोन हाय?"

"मी, मावशी. काल्हेरचा केसरीनाथ."

ती ओरडली नाही. दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली.

"होळीला नेतंस?"

रघूने दादाकडे पाहिलं. केसरीनाथ म्हणाला, "हां मावशी. होळीलाच."

"सुटेल एकदाचा माझा मानूस," ती म्हणाली. "ने. जळताना बघायला येते मी."

रस्त्याला लागल्यावर रघूने शेंडा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. मग म्हणाला, "दादा, म्हातारीला फसवलं आपन."

"तुला होडी पायजे का न्हाय?"

"पायजे."

"मग वजन धर नीट. सगळा भार माझ्यावर टाकतोस."

"भार काठीचा न्हाय, तुझ्या पोटाचा हाय."

दोघेही हसले. गोदामांच्या रांगा संपल्या. थोडं पुढे गेल्यावर रघू म्हणाला, "दादा... हलकी झाली एकदम."

"बरं हाय की."

"न्हाय. कुनीतरी उचलून धरल्यासारखी."

समोरून ट्रक आला. रस्ता अरुंद होता म्हणून ड्रायव्हरने वेग कमी केला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला, "अरे भाई, वो तीसरे को बोलो साइड में चले! मरेगा क्या?"

ट्रक गेला. केसरीनाथने मागे वळून पाहिलं. रघू होता. रघूच्या मागे रस्ता होता.

"होळीची चढलेय त्याला," केसरीनाथ म्हणाला. त्यानंतर काल्हेरपर्यंत कुणी हसलं नाही.

काल्हेरच्या होळीभोवती गाव जमलं होतं. एकजण ओरडला, "केसरीनाथ, टाक की आत! पेटवायचीच हाय!" केसरीनाथ म्हणाला, "होडीची हाय. इकत आनली," आणि होळीकडे न बघता शेडकडे वळला.

बाराच्या सुमारास गाव सामसूम झालं. ग्रहण पाळायचं म्हणून माणसं दारं लावून आत बसली. शेडमध्ये गॅसबत्ती लावून दोघे भाऊ काम करत होते. बुंधा तासला, चौकोनी केला. होडीच्या तळात डोलकाठीसाठी खाच होती, त्यात काठी उभी केली. शेडच्या दर्शनी बाजूला वर पत्रा नव्हता, तिथून शेंडा थेट आकाशात गेला. काठी खाचेत अशी बसली की पाचर मारायची गरजच पडली नाही. कुणी माप देऊन करून घेतल्यासारखी.

रघूने तिला मिठी मारली. "दादा," तो म्हणाला, "उद्या तू पुढं बसायचं. मी शीड धरनार."

एवढं बोलून तो हसला.

तीनला पाच मिनिटं कमी होती. चंद्राची कड काळी पडू लागली. खाडीकडून येणारा वारा थांबला. कुत्री गप्प झाली.

ठक्.

दांडकं जमिनीवर आपटल्याचा आवाज. अंगणात कुणी आलं की होतो, तसा.

"कोन हाय?" केसरीनाथ म्हणाला.

ठक्. ठक्. आता दोन बाजूंनी. मग चार. दारूचा वास आला. उग्र, शिळा. शेडमध्ये कुणी नव्हतं. गॅसबत्ती नीट जळत होती, कोपरान् कोपरा दिसत होता. कुणीच नव्हतं.

"दादा, चल घरी..." रघू म्हणाला.

पहिला फटका त्याच्या हातावर बसला. काड्यांची मोळी मोडावी तसा आवाज झाला. रघूने हाताकडे पाहिलं. हात कोपराच्या खाली भलतीकडेच वळला होता. त्याला ओरडायला वेळ मिळाला नाही. दुसरा फटका खांद्यावर. तो होडीवर आपटला आणि खाली पडला.

केसरीनाथने फावडं उचललं आणि हवेत फिरवलं. फावडं कशालाही लागलं नाही. रघू जमिनीवर लोळत होता. त्याच्या पाठीवरचा सदरा फटक्यासरशी फाटत होता. डावीकडून. उजवीकडून. तोंडातून रक्त आलं. दात बाहेर पडला.

"सोडा त्याला! मना मारा! काठी मी आनली!"

केसरीनाथ भावाच्या अंगावर पालथा पडला. डोकं, छाती, सगळं त्याने आपल्या अंगाखाली झाकलं. फटके थांबले नाहीत. प्रत्येक फटक्याचा वारा त्याच्या पाठीला लागत होता. फटका लागत नव्हता. तो त्याच्यातून आरपार जात होता आणि खाली रघूला बसत होता. रघूची बरगडी मोडली, ती केसरीनाथला आपल्या छातीखाली कळली. मग दुसरी. मग...

काकांनी कंदिलाची वात सारखी केली. ती सारखीच होती.

"पुढं?" ओमकारने विचारलं.

केसरीनाथने मान वर केली. होडीत ती काठी उभी होती. वारा नव्हता, तरी थरथरत होती.

त्याला कळलं, होळीच्या नावानं आणलेली काठी होळीतच पडायला हवी. पण काठी न्यायची तर रघूला सोडावं लागणार होतं. असाच, उघडा, फटक्यांखाली. दोन्ही कामांना दोन्ही हात लागत होते.

त्याने रघूला सोडलं.

मागे फटके पडतच होते. त्याने काठी उपटली. तळहाताची साल निघाली. काठी बगलेत धरून तो धावत सुटला. होळीचं मैदान दोनशे पावलांवर होतं. शेडमधून रघूची हाक आली. "दादा..." एकदाच.

तो थांबला नाही.

मैदानात कुणी नव्हतं. निखारे लाल होते. निखाऱ्यांपलीकडे जानकीबाई बसली होती. गुडघ्यांवर हात ठेवून, डोक्यावर पदर घेऊन. चंद्र अर्धा खाल्लेला होता.

"नवाची बसलेय," ती म्हणाली.

"मावशी... माझं चुकलं... माझा भाऊ..."

ती उठली. तिने शेंड्याकडचं टोक धरलं, त्याने बुंधा. दोघांनी मिळून काठी निखाऱ्यांवर ठेवली. वीस वर्षं वाळलेला साग. पेटला तो एकदम, माथ्यापासून पायापर्यंत. जानकीबाईने आयुष्यभराची राहिलेली बोंब मारली. तोंडावर पालथा हात ठेवून, एकटीने. काल्हेरच्या बंद घरांतून ती सगळ्यांनी ऐकली. बाहेर कुणी आलं नाही.

केसरीनाथ शेडमध्ये परतला तेव्हा तिथे शांत होतं. रघू रक्तात पडला होता. श्वास चालू होता.

"म्हंजे वाचला?" भाविका म्हणाली.

"वाचला," काका म्हणाले. "सकाळी टेम्पोत घालून ठाण्याला न्हेला. अंगावर वळ होते, तोंड सुजलं होतं, दात पडला होता. डॉक्टर नवा होता, पोरगेलासा. त्यानं एक्स-रे काढले. मग केसरीनाथला आत बोलावलं आणि दार लावलं."

डॉक्टरने एक्स-रे उजेडावर धरला. हाताचं हाड, गळपट्टीचं हाड, बरगड्या. बोटाने एकेक जागा दाखवली.

"इथे सगळीकडे हाडं मोडली होती," तो म्हणाला. "पण ती जुळलेली आहेत. ही मोड कालची नाही. खूप जुनी आहे, पंधरा-वीस वर्षांपूर्वीची. तेव्हा याला कुणी मारलं होतं?"

"साहेब, तो चोवीस वर्षांचा हाय."

डॉक्टरने हाडांच्या जुळलेल्या जागांवर पुन्हा बोट फिरवलं.

"तेच मला समजत नाही," तो म्हणाला. "ही हाडं मोडली तेव्हा तो चाळिशीचा माणूस होता."