पाटाकाठचं हाड

काचेच्या पेटीत शाल्मलीच्या नडगीचं हाड वाढत होतं. म्हणजे वाढायला हवं होतं. तिच्याच पेशी पेरलेल्या जाळीदार साच्याच्या उजव्या कडेला हाडाची पांढरी नक्षी उमटली होती. बाकी सगळा साचा ओसाड. असं का?

"अन्न सगळीकडे पोचतंय, प्राणवायूही," तात्याआजोबा पुटपुटले. ही प्रयोगशाळा त्यांचीच. अपघातात नातीच्या नडगीत पडलेली चार सेंटिमीटरची फट त्यांना भरायची होती. "हाही तुकडा फसला, तर धातूची दांडी बसवावी लागेल, शमू."

"दांडी वाढत नाही ना, आजोबा?" अकरा वर्षांची शाल्मली म्हणाली. तिचा दुसरा पाय मात्र वाढणार होता.

आजोबांनी कळ दाबली. साच्याची प्रकाशप्रतिमा खोलीभर पसरली. कुबड्या टेकत शाल्मली तिच्यात शिरली. वर कमानीच कमानी, मधून धुक्यासारख्या तरंगणाऱ्या पेशी; पाण्याखाली चालल्यासारखं वाटत होतं. उजवीकडे एक लालसर धागा पसरला होता आणि पेशी त्यालाच बिलगल्या होत्या.

"आपल्या वाडीतल्या पाटाकाठी अळू माजतं, तसं दिसतंय!"

"तो रक्तवाहिनीचा तुकडा. तुझ्या पेशींबरोबर चुकून आला असेल. पण त्यात रक्त नाही. कोरड्या पाटाकाठी अळू कसं येईल?"

"मग या इथेच का जमल्यात?"

आजोबांनी कपाळावर हात मारला. "अगं, पाटाची भिंत! वाहिनीला आतून अंतःस्तर पेशींचं (रक्ताला लागून असलेल्या पातळ पेशींचं) अस्तर असतं. त्या नुसती नळी बनवत नाहीत. रासायनिक निरोपही धाडतात. तो मिळाला की अस्थिजनक पेशी (हाड बांधणाऱ्या पेशी) कामाला लागतात. मग त्या उलट निरोप देतात, 'वाहिनी अजून पुढे येऊ दे!' मी पंपाने अन्न पुरवलं आणि वाहिन्या मागाहून येतील म्हणून बसलो."

"म्हणजे पंगत वाढलीत, पण आमंत्रणच दिलं नाहीत!"

"बोल, बोल. आज तुझा दिवस आहे."

नव्या साच्यात हाडाच्या पेशींबरोबर वाहिन्यांच्या पेशीही पेरल्या. लाल धागे कमानी-कमानींतून हळूहळू पसरले, आणि त्यांच्या काठाकाठाने पांढरी नक्षी थेट मध्यापर्यंत पोचली.

तो तुकडा नडगीत बसवल्यावर दीड वर्षाने शाल्मली वाडीतल्या पाटाकाठी अळू खुडायला गेली. चार बोटं उंच झाली होती ती. थोडं चालून तिने मागे वळून पाहिलं. ओल्या मातीत दोन्ही पावलांचे ठसे सारखेच खोल उमटले होते.