रिकाम्या कंटेनरमधला कॉल

ही गोष्ट माझ्या मावसबहिणीची, महेश्वरीची. सांगताना तिनं माझा हात घट्ट धरला होता. "नावं बदलू नकोस," असंही बजावलं. कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे.

गेल्या एप्रिलमधला शेवटचा रविवार. दुपारचे अडीच. सोलापूरचं ऊन. सात रस्ता चौकात कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात महेश्वरी एकटी होती.

कंपनी सहा माणसांची. हॉस्पिटलांसाठी ॲम्ब्युलन्सचा प्रोग्रॅम चालवायची. कुणाचा फोन आला की जवळची गाडी शोधायची आणि धाडायची. तो प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालायचा. कंटेनर म्हणजे बंद डबाच म्हणा. प्रोग्रॅमला लागेल ते सगळं आत भरायचं, झाकण लावायचं. कुठल्याही मशीनवर ठेवा, तसाच चालतो.

आणि डबा पुसून टाकला, की आतलं काहीच उरत नाही.

काहीच नाही.

हे कंटेनर बांधले होते रेवणसिद्धनं. वळसंगचा. महेश्वरीच्या शेजारच्याच टेबलावर बसायचा.

मार्चमधल्या एका शुक्रवारी संध्याकाळी मालक अण्णाराव म्हणाला, "नवीन कंटेनर आजच लावा. टेस्ट सोमवारी बघू."

रेवणसिद्ध हटून बसला. "टेस्ट झाल्याबिगर मी सोडणार न्हाय, सर. माणसांचा जीव हाय की ह्यात."

तो घरी गेला. नवा कंटेनर सुरू करायचं बटण महेश्वरीनं दाबलं.

प्रोग्रॅम चाळीस मिनिटं बंद पडला. त्या चाळीस मिनिटांत मोडनिंबहून फोन येत होता. सोनाबाई नावाच्या बाईंच्या छातीत कळ आली होती. गाडी गेलीच नाही.

सोनाबाई गेल्या.

सोमवारी अण्णारावनं कागद पुढं केला. सगळी चूक रेवणसिद्धची, असं त्यात लिहिलेलं. खाली महेश्वरीनं सही केली. का केली, ते मी तिला विचारलं नाही.

रेवणसिद्ध ड्रॉवरमधलं सामान पिशवीत भरून निघून गेला. आठव्या दिवशी त्याची मोटरसायकल उभ्या ट्रकवर गेली. भर दिवसा. सरळ रस्त्यावर. तो जागीच गेला.

आता अण्णारावला त्याचं ऑफिसात काहीच नको होतं. म्हणून त्या रविवारी महेश्वरीनं त्याचे सगळे कंटेनर पुसले, नवा बांधला आणि टेस्ट लावल्या.

एक पास. दोन पास. दोनशे अकरा पास...

मग स्क्रीनवर एक ओळ उमटली.

'कॉल आला. मोडनिंब. गाडी: नाही.'

तिला वाटलं, जुनं काहीतरी राहिलंय. सगळा कोड धुंडाळला. मोडनिंब हा शब्दच कुठं नव्हता.

तिनं तोही कंटेनर पुसला. इंटरनेटची वायर उपटली. मग एक अगदी रिकामा कंटेनर सुरू केला. आत प्रोग्रॅम नाही, काही नाही.

पाच सेकंद शांत.

मग...

'कॉल आला. मोडनिंब. गाडी: नाही.'
'कॉल आला. मोडनिंब. गाडी: नाही.'

ओळीखाली ओळ. थांबेचना.

खिडकीतली कबुतरं गप्प झाली. एसीची घरघर बंद. लाईट मात्र होती.

आणि कोपऱ्यातला फोन वाजला.

तो फक्त टेस्टसाठी ठेवलेला. प्रोग्रॅम चालू असेल तरच वाजायचा.

तिनं उचलला. एक म्हातारा माणूस धापा टाकत बोलत होता.

"बाई, गाडी निघाली का? हिचा जीव घाबरा झालाय वं... कुटवर आलीया गाडी?"



तेवढ्यात त्याच लाईनवर दुसरा आवाज आला. अगदी शांत.

"निघाली, काका. मी हाय की लाईनवर. ठेवू नका."

रेवणसिद्धचा आवाज.

मग तोच आवाज, पण तिला...

"महेश्वरी, तू ठेव. तुला जमायचं न्हाय."

चप्पल तिथंच टाकून ती तापल्या रस्त्यावर अनवाणी पळत सुटली.

दुसऱ्या दिवशी तिनं खरं काय ते हॉस्पिटलांना लिहून दिलं. अण्णाराव हसला. "मेलेल्या माणसाला काय फरक पडतो गं?" हॉस्पिटलांनी कंपनी बदलली. महिनाभरात अण्णारावनं नव्या नावाच्या कंपनीची पाटी लावली. कुणाचंच काही बिघडलं नाही.

महेश्वरी मोडनिंबला गेली. सोनाबाईंचे नवरे कोंडीबा ओसरीवर बसले होते. त्यांनी तोंड उघडलं आणि तिनं आवाज ओळखला.

बटण आपण दाबलं, हे तिनं सांगून टाकलं. कोंडीबा म्हणाले,

"त्या दिशी कुणीच फोन उचलला न्हाय, पोरी. लई येळा लावला."

मग म्हणाले, "पर आता रोज दुपारी एक फोन येतो. रेवणसिद्ध म्हणून कोण हाय. इचारतो, गाडी पोचली का, काकू कशा हायती. म्या सांगतो, गेली रं ती. तर गप बसतो..."

"मग?"

"मग रडतो. आन् दुसऱ्या दिशी पुन्यांदा त्येच इचारतो."

घड्याळात सव्वादोन झाले होते.

"आता यील त्याचा. थांबतीस? तूच सांग त्याला काय ते."

महेश्वरी उठली. पाणीही न पिता फाट्यापर्यंत चालत आली.

कोंडीबांचा नंबर माझ्याकडं आहे. खरं-खोटं करायला दोनदा लावला. दोन्ही वेळा दुपारीच.

दोन्ही वेळा लाईन बिझी होती.